बॅटरीजवळचा फ्यूज

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बोट लागणारा कोळी एकच होता, आणि तो म्हणजे काशीराम. लहानपणी बापाने त्याला एकदा बोटीवर नेलं. बोट खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत पोराने सकाळची भाकरी, आदल्या रात्रीचं कालवण आणि बापाची अब्रू असं सगळं पाण्यात टाकलं.  परत आल्यावर बापाने पोराला हाताला धरून अंधेरीला एका ओळखीच्या गॅरेजात नेऊन बसवलं. तिथली जमीन हलत नव्हती. काशीराम रमला.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणातली. तोवर काशीरामचं अंधेरीहून वर्सोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं दुकान झालं होतं. रिक्षांचे हॉर्न, टॅक्सींचे डायनॅमो, स्टुडिओच्या जनरेटरची गाडी, सगळं त्याच्याकडे यायचं. कोळीवाड्यातल्या होड्यांना इंजिनं बसली, इंजिनांमागून बॅटऱ्या आल्या, बॅटऱ्यांमागून दिवे आले, आणि दिव्यांमागून अख्खा कोळीवाडा काशीरामच्या दारात आला. तो बोटींची कामं पावसाळ्यात करायचा, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना. रेतीत उभ्या असलेल्या बोटीवर त्याला काही होत नसे. फार वारा सुटला तर थोडं व्हायचं.

त्याचा देव एक आणि मंत्रही एक. फ्यूज बॅटरीजवळ पाहिजे. बॅटरीतून वायर निघाली की वीतभर जायच्या आत तिला फ्यूज भेटला पाहिजे. हे तो सगळ्यांना सांगायचा, नुसता हॉर्न दुरुस्त करायला आलेल्या रिक्षावाल्यांनाही. "गच्चीवरच्या टाकीतून पाइप खाली येतो ना? तो मधेच फुटला तर मोरीतला नळ बंद करून पाणी थांबेल काय? टाकीजवळचा कॉक बंद करायला लागतो. फ्यूज म्हणजे तो कॉक. तो दिव्यासाठी नसतो रे, वायरीसाठी असतो." रिक्षावाला मान हलवायचा आणि हॉर्न वाजवून निघून जायचा.

त्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीच्या, शेवंतीच्या घरची नवी बोट तयार झाली. शेवंतीचा नवरा नंदकुमार त्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. माणूस चांगला, कष्टाळू, आणि आपलं तेच खरं म्हणणारा. काशीरामही आपलं तेच खरं म्हणणारा. त्यामुळे दोघांचं जमायचं, जोवर दोघांचं खरं एकच असे तोवर.

वायरिंगच्या दिवशी नंदकुमार म्हणाला, "दादा, या टायमाला फ्यूज वर केबिनमध्ये बसव. देवीच्या फोटोशेजारी. मला डोळ्यांसमोर पायजे."

त्याच्या म्हणण्याला कारण होतं. जुन्या बोटीवर काशीरामने फ्यूज खाली इंजिनाच्या खोलीत, बॅटरीला चिकटून बसवला होता. एका हिवाळ्यात भर समुद्रात तो उडाला. सगळे दिवे गेले. समोरून आगबोट येत होती, आणि नंदकुमार फळ्या उचलून, पोटावर पडून, टॉर्च दातात धरून तेलकट अंधारात फ्यूज बदलत होता. आगबोट इतक्या जवळून गेली की तिच्यावरची इंग्रजी अक्षरं त्याने वाचली. नंदकुमारला इंग्रजी येत नाही, पण त्या रात्री आपण वाचलं असं तो शपथेवर सांगायचा.

"फ्यूज वर गेला तर खालून वरपर्यंतची वायर उघडी पडली," काशीराम म्हणाला. "मधे कुठं शॉर्ट झाली तर तुझा फ्यूज देवीशेजारी बसून नुसता बघत राहील."

"बघू दे. देवी पण बघतेच ना."

आता खरं सांगायचं तर यावर तोडगा अगदी सोपा होता. दोन फ्यूज. मोठा खाली बॅटरीजवळ, वायरीसाठी. छोटा वर केबिनमध्ये, दिव्यांसाठी. दिव्याचं काही बिघडलं तर वरचा छोटा उडेल, नंदकुमार उभ्याउभ्या बदलेल. वायरीचं बिघडलं तर खालचा मोठा उडेल आणि बोट वाचेल. काशीरामला हे ठाऊक होतं. त्याने ते सांगायला तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात नंदकुमार म्हणाला, "दादा, बोटीतलं तू मला नको शिकवू. तू रेतीतल्या बोटीवर पण ओकतोस."

बोटीला रंग देणारे खलाशी हसले. एकाच्या हातातला ब्रश हसता हसता पडला आणि निळा रंग रेतीवर सांडला, त्यावर ते आणखी हसले.

काशीरामने तोंड मिटलं. मग तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

रागाच्या भरात केलेलं काम वाकडं होतं म्हणतात. काशीरामला राग आला की त्याचं काम जास्तच सरळ व्हायचं. त्याने बॅटरीपासून दोन जाड वायरी काढल्या, लाल आणि काळी, फळीच्या आतून वर नेल्या, केबिनच्या दारावरच्या आडव्या फळीमागून एकीवर एक चिकटवून फिरवल्या आणि बोर्डात सोडल्या. एक क्लिप इकडची तिकडे नाही. बोर्डावर देवीच्या फोटोशेजारी फ्यूज बसवला, त्यावर काच लावली. बॅटरीजवळ मात्र काही बसवलं नाही. नंदकुमारने काम बघून पाठ थोपटली, आणि ती थाप काशीरामला चपराकीसारखी लागली.

त्यानंतर काशीरामच्या मनाची मोठी पंचाईत झाली. आपण बरोबर होतो हे जगाला कळावं असं त्याला फार वाटायचं. ते कळायला बोटीत आग लागायला हवी होती. आग लागावी असं काही त्याला वाटत नव्हतं, बोटीत बहिणीचा नवरा होता. तेव्हा त्याने मनातल्या मनात मधला मार्ग काढला. आग लहानशी लागावी. बोट किनाऱ्याला असावी, आत कुणी नसावं, हाताशी पाण्याची बादली असावी, आणि नंदकुमार जवळच उभा असावा. असली सोयीस्कर आग कधी कुणाला लागली आहे असं त्याने ऐकलं नव्हतं, पण आशा सुटत नव्हती.

बायकोला, नलिनीला, त्याने एकदा जेवताना हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग जाऊन तो दुसरा फ्यूज लावून या की."

"त्याने विचारलं तर लावीन."

"त्याला माहीतच नाही तर तो विचारणार कसा?"

काशीरामने आणखी भात मागून घेतला. नवरा-बायकोच्या वादात भाताचा असाही उपयोग असतो.

नारळी पौर्णिमा आली. शेवंती आदल्या दिवशी दुकानात येऊन बजावून गेली होती. "दादा, उद्या राखी घरी नाय बांधणार. नवीन बोटीवर बांधणार. तुला यायला लागेल. ओकलास तरी चालेल, बोट धुता येते." बहिणीचं हे प्रेम पाहून काशीरामला गहिवरून आलं. सकाळी निघताना दुकान उघडून त्याने ड्रॉवर ओढला, बॅटरीजवळ लावायचा मोठा फ्यूज हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत ठेवला. सणाच्या दिवशी नंदकुमारसमोर तो काढायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्याने स्वतःला समजावलं. ते त्याला पटलं नव्हतं. पण ड्रॉवर बंद झाला होता.

बोट पताकांनी सजली होती. बाया ठेवणीतली लुगडी नेसून, केसात फुलं माळून बसल्या होत्या. नंदकुमारची आई सुगंधाबाई पुढच्या बाजूला एकटी, राणीसारखी. बोट खाडीतून बाहेर पडली आणि काशीराम उजव्या कठड्याला जाऊन चिकटला. बाया पदराआड हसल्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि आज सण होता.

नारळ समुद्राला दिला गेला. बाया गाऊ लागल्या. आता नंदकुमारच्या घरची एक रीत होती, ती काशीरामला माहीत नव्हती. कोळीवाड्यातले बाकीचे लोक तोरण किनाऱ्यावरच दोरीने बांधून निघतात. या घरात नव्या बोटीचं पहिलं तोरण नारळ दर्याला दिल्यावरच लागायचं, आणि ते बांधायचं नाही, खिळ्याने ठोकायचं. खिळा घरच्या सुनेने ठोकायचा. जागा सासूने दाखवायची. सुगंधाबाईने केबिनच्या दाराच्या वरच्या आडव्या फळीवर बरोबर मधोमध बोट ठेवलं. "हितं."

काशीराम कठड्यावरून खाली वाकलेला होता. मान वळवून त्याने पाहिलं तर शेवंती पाटावर चढलेली, एका हातात हातोडा, दुसऱ्यात बोटाएवढा लांब खिळा, आणि खिळ्याचं टोक नेमकं तिथे, जिथे त्याच्या दोन वायरी एकीवर एक, एकही क्लिप इकडची तिकडे न होता, चालल्या होत्या. त्याला ओरडायचं होतं. पण तोंड दुसऱ्या कामात होतं.

शेवंतीचा हात मजबूत. तिने तीन ठोक्यांत खिळा बसवला. पहिल्या दोन ठोक्यांत काही झालं नाही. तिसऱ्याला खिळा दोन्ही वायरींतून आरपार गेला, फळीमागे चर्र झालं, खिळ्याभोवती निळी ठिणगी नाचली आणि शेवंतीने हातोडा टाकून पाटावरून उडी मारली. खिळा बघता बघता लाल झाला. तोरणातली झेंडूची फुलं आणि आंब्याची पानं ओली होती, ती पेटली नाहीत. त्यात हौसेने गुंफलेली प्लास्टिकची फुलं होती, ती पेटली.

बाया किंचाळल्या. नंदकुमारने बादली ओतून तोरण विझवलं आणि धावत केबिनमध्ये जाऊन फ्यूज बघितला. फ्यूज शाबूत. "फ्यूज ठीक हाय!" तो ओरडला. "घाबरू नका, फ्यूज ठीक हाय!"

फळ्यांच्या फटींमधून धूर यायला लागला होता. खाली इंजिनाच्या खोलीपासून वरपर्यंत अख्खी वायर तापून वितळत होती, आणि खाली तळाला तेल साचलं होतं. ते तेल पेटलं तर बोटीतल्या माणसांना पोहत जायला किनारा फार लांब होता, आणि लुगडं नेसून पोहणं कुणालाच सोपं नसतं. हे सगळं त्या बोटीवर एकट्या काशीरामला कळत होतं. त्याने तोंड पुसलं, नारळाच्या टोपलीतला कोयता उचलला आणि फळी काढून खाली उतरला.

खाली डोळे चुरचुरत होते. इंजिन धडधडत होतं, बोट हलत होती, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा चालत्या बोटीच्या पोटात उभा होता. लाल वायर शोधायची होती. ती आता लाल राहिली नव्हती. पण ती बॅटरीच्या कुठल्या बाजूने निघते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने ती डाव्या हाताने बॅटरीच्या पेटीच्या लाकडी कडेवर ओढून धरली, हात भाजला, आणि उजव्या हाताने घाव घातला. कोयता नारळासाठी धार लावलेला होता. दुसऱ्या घावाला वायर तुटली. धूर हळूहळू कमी झाला. इंजिनाला विजेशी देणंघेणं नव्हतं, ते धडधडतच राहिलं.

वर आल्यावर तो पुन्हा कठड्याला गेला. या वेळी कुणी हसलं नाही.

बोट परत आणली. ओहोटी लागली तशी ती किनाऱ्याच्या चिखलात टेकली. सगळे नंदकुमारच्या घरी जमले. काशीरामच्या तळहाताला शेवंतीने खोबरेल लावलं, फडकं गुंडाळलं.  नंदकुमारचं तोंड चालू होतं. त्याने फ्यूज काढून आणला होता आणि आलेल्या प्रत्येकाला उजेडात धरून दाखवत होता.

"बघ, एवढी आग लागली, पण याला काय झालं? काय पण नाय! दादाने काय मजबूत काम केलंय. दुसऱ्या कुणाचा असता तर केव्हाच उडाला असता."

इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा असा आला होता. काशीराम बरोबर ठरला होता, आणि शाबासकी मात्र चुकीच्या कामाची घेत बसला होता. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तेवढ्यात सुगंधाबाई बोलली.

"आमच्या घरात आजवर कुठल्या सुनेच्या खिळ्याने बोट पेटली नाय." ती ओरडली नाही. भाव सांगावा तसं सरळ सांगितलं. "हातात काय तरी असतं माणसाच्या. बोट मासळीला जाऊन येईल तेव्हा पहिली पाटी शेवंती नाय नेणार. दुसरं कुणी नेईल."

नव्या बोटीच्या पहिल्या मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणं म्हणजे काय, हे कोळीवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेवंती लग्न होऊन आल्यापासून त्या घराची मासळी अंधेरीच्या बाजारात विकत होती. उद्या तिच्या शेजारच्या बाया विचारतील, तुझ्या घरची पाटी दुसरीच्या डोक्यावर कशी गं? मग कुणीतरी हळूच सांगेल, की हिच्या खिळ्याने बोट पेटली. असली गोष्ट एकदा चिकटली की जन्मभर निघत नाही. शेवंतीने मान खाली घातली. ती वाद घालणारी बाई होती, चार बायांना पुरून उरायची. पण आता तिलाही आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटत होतं. ती आपल्या तळव्यांकडे बघत होती.

काशीरामला ते बघवेना.

"मावशी," तो म्हणाला, "खिळ्याचा काय दोष नाय."

"मग कुणाचा?"

"माझा. खिळा वायरीत घुसला ते होतं कधी कधी. फ्यूज बॅटरीजवळ असता तर तिथल्या तिथे उडाला असता, काडी ओढायच्या आत. नुसता चर्र आवाज आला असता, बस. मी तिथे फ्यूज लावलाच नाय."

नंदकुमारने हातातला फ्यूज खाली केला. "पण दादा, वर बसव म्हणून मीच तर सांगितलं."

"तू वरचा सांगितलास तो बरोबर होता. खालचा पण एक लावायचा असतो. दोन लावायचे असतात. मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

 काशीरामचं उत्तर तयार होतं, गेले कित्येक दिवस रोज घोटून ठेवलेलं. पण आता ते सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे त्याला लाज वाटली. तरी बोलला. "तू मला ओकतो म्हणालास."

 बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर गाणं चालू होतं. नंदकुमारने फ्यूजकडे पाहिलं, काशीरामकडे पाहिलं आणि फ्यूज खिशात टाकला. "मी तसं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," तो पुटपुटला.

सुगंधाबाईने बराच वेळ विचार केला. ती अंधश्रद्धाळू असेल, पण हिशोबाला पक्की होती. "म्हणजे खिळा चांगला होता?"

"खिळा एक नंबर होता."

"आणि जागा? जागा मी दाखवली होती."

"जागा पण चांगली होती, मावशी."

"मग पाटी शेवंतीच नेईल," म्हातारी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. तिच्यापुरता विषय मिटला होता.

काशीरामला हलकं वाटलं. हात ठणकत होता, आतड्यांचा अजून भरवसा नव्हता, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. बहिणीने आपल्याकडे बघून हसावं असं त्याला वाटलं. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं, पण ती हसली नाही.

"दादा, मी काल तुला बोटीवर ये म्हणून बोलवायला आले होते."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"बोटीवर मी बसणार, आमची सासू बसणार, शेजारच्या बाया बसणार. ते पण माहीत होतं."

"शेवंते, मी सकाळी फ्यूज हातात घेतला होता. खरंच घेतला होता."

"आणि?"

यालाही उत्तर होतं, पण ते त्याने या वेळी सांगितलं नाही. शेवंती उठली, आत गेली. काशीराम उठून दुकानाकडे निघाला.

तासाभराने तो ड्रॉवरमधला फ्यूज, वायरीचा तुकडा आणि पाना घेऊन बोटीवर आला. बोट चिखलात घट्ट रुतलेली होती, हलत नव्हती. भाजलेल्या हाताला जपत त्याने जळकी वायर काढली, नवी जोडली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर मोठा फ्यूज बसवला. स्क्रू पक्के केले. वरच्या वायरिंगचं काम उद्यावर ठेवलं. तो वर यायला वळला तर फळीच्या तोंडाशी शेवंती ओणवी होऊन बघत होती. तिच्या हातात ताट होतं, ताटात कुंकू, नारळाची वडी आणि राखी.

काशीरामचे डोळे भरून आले. भरून आले हे लपवायला त्याने आधी नाक पुसलं आणि मग चांगला असलेला उजवा हात पुढे केला.

शेवंती खाली उतरली. "कुठला तो?" तिने विचारलं.

"कुठला काय?"

"फ्यूज. बॅटरीजवळचा."

त्याने दाखवला. ती गुडघ्यांवर बसली, फ्यूजच्या डबीला कुंकू लावलं आणि राखी काढून त्या डबीभोवती नीट, दोन गाठी मारून बांधली. मग हाताने ओढून गाठ पक्की आहे का ते बघितलं.

"राखी रक्षण करणाऱ्याला बांधायची असते, दादा," ती म्हणाली. "वडी तू खा."

तिचं काही चुकलं असं काशीरामला म्हणता येईना. डबी कोरडी होती, दोरा सुती होता, त्यातून वीज वाहायचा प्रश्न नव्हता. त्याने वडी खाल्ली, अवजारं गोळा केली आणि मोकळ्या मनगटाने घरी गेला.